गॅसची गळती अशी पाहावी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. तेव्हा व्याख्यान नाही, स्वयंपाकघरातलेच बोलते. अजूनही काही जणी काडी ओढून गॅसची गळती पाहतात. मला हे मुळीच पसंत नाही! हा गॅस हवेपेक्षा जड. ओट्याखाली, जमिनीलगत साचतो आणि एका ठिणगीने भडकतो. त्याला स्वतःचा वास नसतो. आपल्याला कळावे म्हणून तो उग्र वास मुद्दाम घालतात. पण सर्दीत नाकाचा काय भरवसा?

म्हणून वाटीभर पाण्यात साबणाचा फेस करावा. शेगडीची बटणे बंद, रेग्युलेटर मात्र चालू ठेवून नळीला, तिच्या दोन्ही टोकांना व रेग्युलेटरच्या सांध्याला फेस लावावा. बुडबुडे फुगले की तेथे गळती समजावी. नळी दिसायला चांगली असली तरी ५ वर्षांनी बदलावीच. तेथे काटकसर नको.

वासच आला, तर फेसाच्या खटाटोपात पडू नये. देवापुढचा दिवा विझवावा, रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्या. विजेचे बटण लावू नये, तसे बंदही करू नये, पंख्याचेसुद्धा. मुलाबाळांना घेऊन बाहेर पडावे व तेथून १९०६ ला फोन करावा. रात्रीही उचलतात. हा नंबर मी दाराबाहेर खडूने लिहिला आहे. मुलगी हसते, हसू दे.