एकेरी नागरिकत्व आणि दुहेरी नागरिकत्व



जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांतून आपली मुले दोन वाटांनी बाहेर पडतात. एक वाट जुनी, सुरतेच्या यंत्रमागांकडे जाणारी. दुसरी नवी, राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजनांमुळे परदेशी विद्यापीठांकडे जाणारी. दोन्ही वाटांवर नागरिकत्वाचा प्रश्न भेटतो, म्हणून आम्ही हा विषय निवडला.

प्रथम देशातला विचार करू. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत मसुदा मांडताना परमपूज्य बाबासाहेबांनी अमेरिकेचे उदाहरण दिले. तेथे माणूस देशाचा आणि आपल्या राज्याचाही नागरिक असतो. भारतात केंद्र व राज्ये अशी दोन सरकारे असली, तरी नागरिकत्व मात्र एकच, हे त्यांनी स्पष्ट केले. म्हणूनच खानदेशचा मजूर सुरतेत परका ठरत नाही. तेथे राहू लागल्यावर तो तेथील मतदार होऊ शकतो. जातीच्या दाखल्याचे मात्र तसे नाही. अनुसूचित जातींची यादी राज्यवार असते, आणि स्थलांतर करून आलेल्यास नव्या राज्याच्या सवलती त्या आधारे मागता येत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1990 साली दिला. नागरिकत्व देशाचे, पण दाखला राज्यापुरता, हे सुरतेस गेलेल्या कुटुंबांनी ध्यानी ठेवावे.

आता परदेशाची वाट. प्रत्येकास एक नागरिकत्व असावे आणि एकच असावे, हा विचार 1930 च्या हेग कराराने मांडला होता. पुढे अनेक देशांनी तो सोडला. ब्रिटन व अमेरिका दुसरे नागरिकत्व चालवून घेतात. कॅनडाने 1977 साली, ऑस्ट्रेलियाने 2002 साली आणि जर्मनीने 2024 साली ते मान्य केले. चीन व जपान यांची भूमिका मात्र आजही एकाच नागरिकत्वाची आहे. बौद्ध बांधवांच्या श्रीलंकेने मधला मार्ग धरला आहे. तेथे अर्ज करून दुहेरी नागरिकत्व मिळते, पण 2022 च्या घटनादुरुस्तीने अशा व्यक्तींना संसदेचे दार बंद केले.

भारताचा नियम कडक आहे. घटनेचा अनुच्छेद 9 आणि 1955 च्या नागरिकत्व कायद्याचे कलम 9 यांचा भाव एकच : स्वेच्छेने परक्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे संपते. गोव्यात पूर्वजांच्या जन्मनोंदीवरून पोर्तुगालचे नागरिकत्व घेणाऱ्यांनाही हाच नियम लागतो. पोर्तुगालची हरकत नसली तरी भारताची आहे.

2005 पासून मिळणाऱ्या ओसीआय कार्डास काही लोक दुहेरी नागरिकत्व समजतात. हा गैरसमज आहे. त्या कार्डावर भारतात येता-राहता येते, पण मत देता येत नाही, निवडणूक लढविता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. विशेष म्हणजे, सरकारी नोकरीत समान संधी देणारा अनुच्छेद 16 कार्डधारकास लागू नाही. ज्या अनुच्छेदावर आपल्या समाजाचे नोकरीतील आरक्षण उभे आहे, तोच हा अनुच्छेद!

मुलांचाही विचार हवा. भारतीय आईबापांचे मूल परदेशात जन्मले, तर एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत त्याची नोंद करावी. जन्माने त्यास दुसरे नागरिकत्वही मिळाले असेल, तर सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत त्याने ते सोडले पाहिजे; नाहीतर भारताचे जाते.

नागरिकत्व बदलणे हा गुन्हा नव्हे. पोटापाण्यासाठी, मुलाबाळांसाठी कोणी तो निर्णय घेतला, तर त्यास नावे ठेवण्याचा आम्हांस अधिकार नाही. पण आपल्या आजोबा-पणजोबांना गावच्या पाणवठ्यावर हक्क नव्हता, मताचा तर प्रश्नच नव्हता. आपल्या हाती आलेले मत त्या पिढ्यांची कमाई आहे. बाबासाहेब 1913 साली कोलंबियास गेले, 1916 साली लंडनला गेले. शिकले आणि परतले. मुलांनी खुशाल जावे, खूप शिकावे. मात्र परक्या देशाच्या कागदावर सही करण्यापूर्वी आपण काय मिळवितो आणि काय देऊन टाकतो, हे दोन्ही मोजावे, एवढीच आमची विनंती.

भवतु सब्ब मंगलम्. जयभीम!