टाकळीची गोगलगाय



काटोलजवळ आजोबांची संत्र्याची वाडी होती. तिथे विहीर खणायला घेतली तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. आधी काळी माती लागली, मग मुरूम, आणि मुरमाखाली काळा गोटा. सुरुंग उडाला की फोडलेल्या दगडांचा ढीग काठावर यायचा. त्यातले काही गोटे मधाच्या पोळ्यासारखे भोकाभोकांचे असत आणि त्या भोकांत पांढऱ्या, काचेसारख्या गारा बसलेल्या असत. त्या खिशात भरायला आम्हा मुलांची झुंबड उडे. आजोबा म्हणाले, "पोरी, हा गोटा भट्टीतला हाये." ते शाळेत फारसे गेलेले नव्हते, पण त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

नागपूरच्या जमिनीबद्दल आज बोलायचं आहे, आणि सुरुवात या भट्टीपासूनच करावी लागते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनभर लाव्हारस पसरला. एकदाच नव्हे, थरावर थर, मध्ये मोठमोठ्या विश्रांती घेत. सह्याद्रीत या थरांची उंची डोंगराएवढी आहे. नागपूर पडलं या पसाऱ्याच्या पूर्वेच्या काठावर. त्यामुळे आपल्या शहराच्या पश्चिमेला काळा पाषाण आहे, आणि पूर्वेकडे जाल तसा तो संपून खालचा कितीतरी जुना, पट्ट्यापट्ट्यांचा करडा खडक वर येतो. भूशास्त्रज्ञ त्याला नाईस म्हणतात. दोन युगांची शीव या शहरातून जाते. समुद्राला किनारा असतो ना, तसा हा लाव्ह्याचा किनारा, आणि आपण किनाऱ्यावरची माणसं.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रेजिस नावाचं छोटं गाव आहे. समुद्र तिथले कडे सतत कापत असतो आणि आतले जुने जीव उघडे पडतात. मेरी अॅनिंग नावाच्या सुतारकाम करणाऱ्याच्या मुलीने तिथे लहान वयापासून जीवाश्म गोळा केले आणि युरोपातल्या विद्वानांना नवी दृष्टी दिली. आपल्याकडे कडे कापायला समुद्र नाही. आपल्याकडे ते काम नाले करतात, विहिरी करतात आणि गिट्टीच्या खदानी करतात. गिट्टीखदान हे नाव आपण बसच्या पाटीवर रोज वाचतो. ते नाव शब्दशः खरं आहे.

त्या गिट्टीखदानीला लागूनच टाकळी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला दोन स्कॉटिश मिशनरी या भागात हिंडत होते. एक स्टीफन हिस्लॉप, १८४५ साली नागपुरात आलेले. दुसरे रॉबर्ट हंटर. टाकळीला काळ्या पाषाणाच्या दोन थरांच्या मध्ये त्यांना मातीचा आणि चुनखडीचा एक पातळ थर दिसला, आणि त्या थरात गोगलगाईंचे शंख होते. खाऱ्या पाण्यातल्या नव्हे, तळ्यातल्या गोगलगाई.

या शंखाकडे जरा थांबून बघू या. याचं जुनं शास्त्रीय नाव फायसा प्रिन्सेपी. आजच्या त्याच्या भाईबंदांपेक्षा तो बराच मोठा असतो. टोक वर धरलं तर त्याचं तोंड डाव्या हाताला येतं. बहुतेक गोगलगाईंचं उजवीकडे येतं. आपण देवघरात शंख टोक खाली करून धरतो, म्हणून असल्या वळणाच्या शंखाला आपल्याकडे दक्षिणावर्ती म्हणतात आणि तो दुर्मीळ म्हणून जपतात. टाकळीच्या दगडात ते वळण मुबलक आहे.

आता याचा अर्थ लावा. लाव्हा आला, थंड झाला. त्याच्यावर पाऊस पडत राहिला, खोलगट जागी पाणी साचलं, झाडोरा उगवला, गोगलगाई नांदल्या. कितीतरी पिढ्या अशा गेल्या. मग पुन्हा लाव्हा आला आणि तळं झाकून गेला. सीताबर्डीच्या टेकडीचा छेदही हिस्लॉप-हंटर यांनी असाच मांडला: तळाशी जुना नाईस, वर पाषाण, मग गोड्या पाण्यातला गाळ, त्यावर पुन्हा पाषाण. टेकडी गणपतीला जाणारे आपण सगळे त्या तळ्याच्या आसपास चपला काढतो.

१८५५ साली लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात नागपूर परिसराच्या भूगर्भावरचा त्यांचा निबंध छापून आला. कामठी आणि सिलेवाड्याच्या वालुकाश्मातली ग्लॉसोप्टेरिसची पानं त्यांनी जमवली. आपल्या कोळशाच्या खाणी ज्या काळातल्या, त्याच काळाच्या घराण्यातली ही पानं. मांगलीहून मिळालेल्या एका प्राचीन उभयचराची कवटी इंग्लंडला गेली आणि रिचर्ड ओवेन यांनी तिचं वर्णन केलं. 'डायनोसॉर' हा शब्द घडवणारे ते हेच ओवेन. हंटर पुढे मायदेशी परतले आणि त्यांनी इंग्रजीचा सात खंडांचा ज्ञानकोशवजा शब्दकोश सिद्ध केला. हिस्लॉप इथेच राहिले.

हिस्लॉप यांचा मृत्यू मला फार लागतो. नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाटजवळ दगडांची वर्तुळं आहेत. ४ सप्टेंबर १८६३ रोजी मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्यासोबत ते ती पाहायला गेले होते. मुक्काम बोरीला होता, म्हणजे आजच्या बुटीबोरीला. परतताना पावसाने फुगलेल्या नाल्यात ते बुडाले. वय ४५. गोंड आणि इतर आदिवासी समाजांच्या भाषा-चालीरीतींबद्दल त्यांनी लिहून ठेवलेली टिपणं टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केली. १८८३ साली सुरू झालेलं हिस्लॉप कॉलेज त्यांचं नाव चालवतं. पण तिथे शिकलेल्या किती जणांनी टाकळीचा शंख हातात घेतला असेल, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

ती दगडांची वर्तुळं काय आहेत? ती थडगी आहेत. आजपासून अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वी, लोखंड वापरणारी माणसं आपल्या मृतांना पुरून वर माती-मुरमाचा उंचवटा करत आणि भोवती मोठे गोटे रचत. विदर्भात ती पुष्कळ आहेत. टाकळघाट-खापा इथे १९६८-६९ मध्ये, पुढे माहुरझरीला, नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी आणि खंजीर मिळाले. माहुरझरीला माणसाच्या सोबतीला घोडाही सापडला, आणि घोड्याच्या तोंडावर चढवायचा तांब्याचा साज. ज्याने तो साज ठोकून घडवला, त्याला ते जनावर किती प्रिय असेल! पारशिवनीकडच्या नायकुंडला देव आणि अरविंद जामखेडकर यांना लोखंड गाळायची भट्टीच मिळाली. म्हणजे ही हत्यारं कुठून दूरवरून आणलेली नव्हती, इथेच लोखंड गाळलं जात होतं.

इथे माझ्या दोन्ही गोष्टी, लाव्ह्याची आणि वर्तुळांची, एकत्र येतात. वर्तुळांचे गोल गोटे कोणी टाकीने घडवलेले नाहीत. काळा पाषाण ऊनपावसाने कांद्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्याने सुटतो आणि आत गोल गाभा उरतो. तोच त्या लोकांनी उचलला. माहुरझरीला अकीकाचे मणी करण्याचा मोठा उद्योग होता. अकीक तरी कुठला? लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत सिलिका झिरपून साठली, तोच अकीक. माझ्या फ्रॉकच्या खिशातल्या गारांचा हा चुलतभाऊ. आणि त्यांचं शेत, आमची संत्री, वऱ्हाडचा कापूस ज्या काळ्या मातीत येतो, ती माती म्हणजे झिजलेला लाव्हाच.

नागपूरहून काटोल रस्त्याने निघालं की जवळच जुनापाणी आहे. शंभराहून अधिक वर्तुळं एका माळावर. १८६७ साली रिव्हेट-कारनॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांतली काही खोदली आणि मिळालेल्या काही वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. वर्तुळाच्या काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत, ओळीने. ब्रिटनमधल्या दगडांवरही असे खळगे असतात, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी या खळग्यांच्या दिशा मोजल्या. त्या वाटेल तशा नसून ठरावीक आहेत, असं त्यांनी मांडलं.

आणखी एक नवल सांगते. नागपूरला समुद्र नाही असं मी मघाशी म्हटलं. पण शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिली इथे, अशाच दोन लाव्ह्यांच्या मधल्या थरात, समुद्रातल्या सूक्ष्म जीवांची कवचं सापडली. २००९ साली ते संशोधन प्रसिद्ध झालं. लाव्हा वाहत होता त्या काळात समुद्राचा एखादा फाटा मध्य भारतात इतका आत शिरला होता, असं ते शास्त्रज्ञ म्हणतात. टाकळीच्या तळ्यापासून फार दूर नव्हे.

श्रोतेहो, माझी एक विनंती आहे. ज्यांच्या शेतात किंवा प्लॉटमध्ये अशी गोट्यांची वर्तुळं आहेत, त्यांनी ते गोटे बांधावर किंवा पायव्यात टाकू नयेत. वर्तुळातला दगड एकदा हलला की कोण कुठे, कोणत्या दिशेला तोंड करून निजलं होतं, ते कायमचं पुसलं जातं. पुरातत्त्व विभागाला कळवा. आणि विहीर खणताना, नाल्याकाठी काही शंख दिसला, तर कुठल्या थरात होता तेवढं चिठ्ठीवर लिहून ठेवा.

मागल्या पौषात मी जुनापाणीला गेले होते. सकाळचं कोवळं ऊन होतं, गोटे अजून गारठलेले होते. एका दगडावरच्या खळग्यात दव साठलं होतं. बोट घातलं, अगदी बेताने बसलं. दोन पेरं आत जाईल एवढाही तो खोल नाही. शेजारी दुसरा खळगा, त्याच्या शेजारी तिसरा. मी ते मोजत वर्तुळाला एक फेरी घातली.