उन्हाळ्यात अडखळणारा लॅपटॉप



एप्रिल-मे महिन्यांत मुलांना खेळायला वेळ मिळतो आणि नेमके याच दिवसांत लॅपटॉप रडवतात. पहिली दहा-पंधरा मिनिटं गेम सुरळीत चालतो. मग पंखा घोंघावू लागतो, चित्र झटके देत सरकतं. मुलगा म्हणतो, प्रोसेसर गेला, नवा लॅपटॉप घ्यावा लागेल. माझी पालकांना कळकळीची विनंती आहे, खिशात हात घालण्याआधी उष्णता आणि वीज तपासा. बहुतेक वेळा प्रोसेसर धडधाकट असतो. जळू नये म्हणून त्यानं आपणहून वेग उतरवलेला असतो.

प्रोसेसरला तापमानाची मर्यादा आखून दिलेली असते, साधारण ९५ ते १०५ अंश सेल्सिअस. पंखा आतली उष्णता खोलीतल्याच हवेत सोडतो. म्हणून खोली जितकी तापलेली, तितका प्रोसेसर जास्त तापणार. जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत जो गेम त्याला ९० अंशांवर नेतो, तोच गेम मे महिन्यात पत्र्याखालच्या ४० अंशांच्या खोलीत त्याला १०५ च्या घरात ढकलतो. मग वेग उतरणारच.

त्यात आपल्याकडची धूळ. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेतला, कोरडा. ऊसपट्ट्यात गळीत हंगामात पेटवलेल्या पाचटाची राख घरात येते, ती वेगळीच. हे सगळं पंख्यापुढच्या बारीक धातूच्या जाळीत अडकतं आणि गरम हवेची वाट बंद होते. त्यातून लॅपटॉप गादीवर ठेवला, तर खालून हवा आत शिरायची वाटही बुजते.

दोष नेमका कुठे, हे घरीच कळतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सखाली प्रोसेसरचा वेग गिगाहर्ट्झमध्ये दिसतो. गेम चालू ठेवून तो पाहा. सुरुवातीला साडेतीन-चार आणि थोड्या वेळानं दोनच्या आसपास, म्हणजे उष्णता. पण पहिल्या मिनिटापासून आकडा ०.८ किंवा ०.४ वर खिळलेला असेल, तर आधी चार्जरवर संशय घ्या. काही लॅपटॉप आपला चार्जर ओळखला नाही की प्रोसेसरला पार तळाच्या वेगावर बांधून टाकतात. गेमिंग लॅपटॉपचा चार्जर बऱ्याचदा १५० वॅट किंवा त्याहून मोठा असतो. तो बिघडला म्हणून बाजारातला ६५ वॅटचा स्वस्त चार्जर लावला, तर गेम कसा चालेल? वीज गेल्यावर नुसत्या बॅटरीवरही वेग कमीच राहतो, तो बिघाड समजू नका.

उपाय फार खर्चाचे नाहीत. लॅपटॉप टेबलावर ठेवा, मागची बाजू थोडी उचलून. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम रेट ६० वर बांधा. उष्णता लगेच घटते. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली, की बऱ्याच लॅपटॉपमध्ये टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा वाढीव वेग, बंद होतो. वेग थोडा कमी, पण एकसारखा मिळतो, आणि खेळताना झटक्यांपेक्षा तो केव्हाही बरा. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा मात्र मारू नका. तिच्यात पाणी असतं, आणि त्या दाबानं पंख्याचं बेअरिंग बिघडू शकतं.

एवढं करूनही फरक पडला नाही, तर दुरुस्तीवाल्याकडे जा. पंखा काढून जाळी साफ करायला आणि प्रोसेसरवरची सुकलेली थर्मल पेस्ट बदलायला सांगा. हे काम मार्चअखेर, उन्हं तापण्याआधी करून घेतलेलं बरं.