बीजकाची टेकडी

प्राचीन अवशेष पाहावयास निघालेल्या प्रवाशाला दगडांइतकीच गरज असते ती दगडांविषयी बोलणाऱ्या माणसाची. मेक्सिकोच्या युकातान प्रांतात माया लोकांची चिचेन इत्सासारखी ओस पडलेली नगरे पाहावयास जाणारे लोक सकाळीच एक मोटार आणि एक माहितगार दिवसभरासाठी ठरवून निघतात. सायंकाळी परतताना त्यांच्या स्मरणात तेथील पायऱ्यापायऱ्यांचे उत्तुंग मंदिर जितके राहते, तितकाच तो माहितगारही राहतो. तो चांगला भेटला तर दगड बोलू लागतात. वाईट भेटला तरीही बोलतात, पण मग ते खोटे बोलतात. आपल्या देशात या गोष्टीचा अनुभव घेण्यासाठी समुद्र ओलांडण्याचे कारण नाही. जयपूरच्या दक्षिणेस सांगानेर म्हणून गाव आहे. तेथून सकाळी निघून सायंकाळी परतता येईल अशा अंतरावर दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे एक अवशेषस्थान उभे आहे. एका मराठी कुटुंबाने तेथे घालवलेल्या एका दिवसाची ही हकिगत आहे.

कुटुंब म्हणजे तिघेच जण. जुन्नरच्या शाळेत उभी हयात घालवलेले एक सेवानिवृत्त गुरुजी, त्यांच्या पत्नी आणि दहा वर्षांचा नातू. आजींचे माहेर वाईचे. ही बारीकशी गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली, म्हणून आधीच सांगून ठेवलेली बरी.

सांगानेर आता जयपूर शहराच्या पोटात गेले आहे आणि जयपूरचे विमानतळही तेथेच आहे. तरीही गावाने आपला धंदा सोडलेला नाही. एकीकडे छिपा लोकांची घरे. पांढऱ्या भूमीवर बारीक फुलांची बुट्टी लाकडी ठशांनी उठवण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही, आणि या छपाईला २०१० साली भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षणही मिळाले. दुसरीकडे कागदी लोक चिंध्यांच्या लगद्यापासून हातकागद करतात. तेथील हातकागदाच्या राष्ट्रीय संस्थेला कुमारप्पांचे नाव आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचा संसार मांडणारे ते हेच कुमारप्पा.

गुरुजींनी ठरवलेला माहितगार हा अशाच एका छिपा घराण्यातला तरुण होता. त्याने इतिहासाची पदवी घेतली होती आणि वडिलांना ती फारशी रुचली नव्हती. ठसा हातात घेतला की संध्याकाळी पैसा दिसतो, दगड दाखवून काय दिसणार, असे वडिलांचे म्हणणे. निघण्यापूर्वी तरुणाने पाहुण्यांना घरचा कारखाना दाखवला. लांबलचक मेजांवर कापड ताणलेले होते आणि ठशावर मुठीचा एकेक ठोका पडत होता. मग त्याने आपल्या घराण्याची कथा सुरू केली. सतराव्या शतकात गुजरातेत धामधूम माजली, मोगल आणि… येथे तो थबकला, पाहुण्यांकडे पाहू लागला. गुरुजी हसले. म्हणाले, "आणि मराठे. सुरतेचे नाव आम्हालाही ठाऊक आहे. पुढे सांगा." तेव्हा तरुणाने मोकळ्या मनाने सांगितले की, त्या लढायांना कंटाळून पुष्कळ कारागीर उत्तरेकडे आले, असे त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. "सांगत आले आहेत" हे शब्द त्याने जरा जोर देऊन उच्चारले. गुरुजींनी ते मनात टिपून ठेवले.

सकाळचे ऊन कोवळे असतानाच मोटार जयपूर ओलांडून दिल्लीच्या हमरस्त्याला लागली. शाहपुऱ्यापाशी उजवीकडे वळले की अरवलीच्या उघड्या, करड्या टेकड्या दोन्ही बाजूंनी जवळ येऊ लागतात. जावयाचे होते बैराटला. जयपूरपासून सुमारे ८५ किलोमीटरवरच्या या गावाला विराटनगर असेही म्हणतात. मत्स्य देशाचा राजा विराट याची ही राजधानी. पांडवांनी अज्ञातवासाचे तेरावे वर्ष येथेच काढले आणि भीमाने कीचकाला येथेच मारले, ही तेथील लोकांची श्रद्धा.

हे ऐकताच आजी ताठ बसल्या. "कीचक मेला तो आमच्या वाईला," त्या म्हणाल्या. वाई हीच विराटनगरी असे कृष्णाकाठी शतकानुशतके मानले जाते. गावाजवळच पांडवगड उभा आहे, मग आणखी पुरावा कशाला हवा? एखादा माहितगार अशा वेळी वाद घालता, किंवा त्याहून वाईट म्हणजे मान डोलावून गप्प बसता. या तरुणाने वाईची सारी हकिगत विचारून घेतली. गुरुजींनी तीत आणखी भर घातली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' हे नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले, प्रेक्षकांना कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन दिसू लागला आणि १९१० साली इंग्रज सरकारने नाटकावर बंदी घातली. मेलेल्या कीचकाचे सरकारला एवढे भय का वाटावे, हे तरुणाला समजावून सांगताना शाहपुरा केव्हाच मागे पडला.

मध्येच नातवाने सरळ प्रश्न केला, "पण पांडव खरेच इथे राहिले होते का?" तरुण म्हणाला, "वर चढलो की सांगतो."

प्रथम लागली ती भीमाची डुंगरी. तिच्या पायथ्याच्या एका मोठ्या शिळेवर अशोकाचा एक लघुलेख कोरलेला आहे. कार्लाइल नावाच्या पुरातत्त्व खात्यातील अधिकाऱ्याने तो १८७१-७२ च्या सुमारास उजेडात आणला. ऊनपावसाने अक्षरे इतकी झिजली आहेत की, नातवाला ती दिसेचनात. मंडळी तेथे फार रेंगाळली नाहीत.

खरे पाहावयाचे ते गावाच्या नैऋत्येकडील बीजकाच्या टेकडीवर. तेथील खडक एकावर एक रचून ठेवल्यासारखे दिसतात. काही तर आता कोसळतील असे वाटते, आणि हजारो वर्षे ते कोसळलेले नाहीत. हिंदीत पुरलेल्या धनाचा ठावठिकाणा सांगणाऱ्या लेखाला बीजक म्हणतात. टेकडीवर न वाचता येणारा लेख होता, आणि जे वाचता येत नाही ते धनाविषयीच असणार, असा लोकांचा हिशेब. या हिशेबाला हसण्यात अर्थ नाही. मध्य अमेरिकेतील माया लोकांच्या चित्रलिपीविषयी मोठमोठ्या पंडितांनीही काही कमी तर्क लढवले नव्हते. ती नगरे शांतताप्रिय ज्योतिषी पुरोहितांची, असेच कित्येक दशके मानले जात होते. पुढे १९५२ मध्ये रशियातील क्नोरोझोव्ह यांनी त्या लिपीत उच्चारांची चिन्हे आहेत हे दाखवले. १९६० मध्ये प्रोस्कुरियाकोफ या विदुषींनी त्या शिलालेखांत राजांचे जन्म, राज्यारोहण आणि मृत्यू नोंदलेले आहेत हे दाखवून दिले. मग तेथल्या माहितगारांनाही आपली जुनी कथा बदलावी लागली असेल.

पायऱ्या चढून खालच्या सपाटीवर आल्यावर समोर दिसतो विटांचा एक गोल पाया. दयाराम साहनी यांनी १९३५-३६ मध्ये येथे उत्खनन केले. हे तेच साहनी, ज्यांनी १९२१ मध्ये हडप्पा येथे खणण्यास आरंभ केला आणि जे पुढे भारतीय पुरातत्त्व खात्याचे पहिले भारतीय महासंचालक झाले. त्यांना येथे सापडले ते मौर्यकाळातील वर्तुळाकार मंदिर. आतील वर्तुळाचा व्यास सुमारे २७ फूट, भोवती सुमारे ७ फूट रुंदीचा प्रदक्षिणामार्ग आणि पूर्वेला दार. भिंत विटांची, आणि तिच्यात अंतराअंतराने लाकडाचे अष्टकोनी खांब बसवलेले, सारे मिळून २६. मध्यभागी स्तूप असावा. पुढे आगीत हे सारे भस्मसात झाले. खांबांच्या जागा राहिल्या, खांब गेले.

गुरुजी त्या वर्तुळाकडे पाहत उभे राहिले आणि बराच वेळ बोलेनात. शेवटी त्यांनी नातवाचा हात धरला व म्हणाले, "अरे, ही तर आपली तुळजा लेणी!" जुन्नरजवळच्या तुळजा लेण्यांत एक चैत्यगृह आहे. इतर चैत्यगृहांसारखे ते लांबट नाही, ते गोल आहे. मध्ये स्तूप, भोवती बारा साधे अष्टकोनी खांब, वर घुमटासारखे छत, आणि हे सर्व डोंगराच्या पोटात कोरलेले. गुरुजींनी आपल्या विद्यार्थ्यांना तेथे कित्येकदा नेले होते. खांब अष्टकोनी का, दगडाचा घुमट कोरण्याचा खटाटोप कशासाठी, या मुलांच्या प्रश्नांना त्यांनी दर वेळी पुस्तकातले उत्तर दिले होते, की लाकडी इमारतीची ही नक्कल आहे. ज्या जातीच्या इमारतीची नक्कल, ती इमारत त्यांनी आज प्रथमच पाहिली, आणि तीही जळून गेलेली. आता सांगणारे गुरुजी झाले आणि ऐकणारा झाला तो माहितगार. नातू खांबांच्या जागा मोजत प्रदक्षिणा घालू लागला.

"आणि तो लेख कुठे आहे?" आजींनी विचारले.

लेख तेथे नाही. कॅप्टन बर्ट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला तो १८४० मध्ये या टेकडीवर मिळाला. जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली ती १८३७ साली, म्हणजे अवघ्या तीन वर्षांपूर्वी. शिळा कलकत्त्यास नेण्यात आली व ती तेथे एशियाटिक सोसायटीत आहे. गंमत अशी की, जगाच्या पुस्तकांत या लेखाला बरीच वर्षे भाब्रूचा लेख म्हणत आले. भाब्रू हे कित्येक मैल दूरचे गाव, साहेबाचा मुक्काम तेथे होता एवढेच. टेकडीची शिळा गेली ती गेलीच, वर तिचे नावही दुसऱ्या गावाला लागले.

तरुणाने पिशवीतून एक गुंडाळी काढली. सांगानेरी हातकागदावर त्याने लेखाची अक्षरे स्वतः उतरवून घेतली होती. शिळा जेथे असावी अशी समजूत आहे तेथे त्याने तो कागद पसरला व आशय सांगितला. मगधाचा राजा प्रियदर्शी संघाला अभिवादन करून क्षेमकुशल विचारतो. बुद्ध, धर्म आणि संघ यांवरील आपली श्रद्धा बोलून दाखवतो. मग सात धर्मवचनांची नावे घेऊन, भिक्षू, भिक्षुणी, उपासक आणि उपासिका यांनी ती वारंवार ऐकावीत व मनात धरावीत, असे सुचवतो. त्या सातांतले एक म्हणजे बुद्धाने राहुलाला असत्य भाषणाविषयी केलेला उपदेश.

येथे तरुण थांबला. नातवाकडे वळून म्हणाला, "तू विचारले होतेस ना? या टेकडीवर जे खणून निघाले ते अशोकाच्या काळचे आणि त्यानंतरचे. पांडवांचे म्हणून येथे काही निघालेले नाही. मत्स्य देशाचे नाव जुने आहे, लोकांची आठवणही जुनी आहे. पण आठवण निराळी आणि खणून निघालेली वस्तू निराळी." मग जरा खालच्या आवाजात त्याने कबूल केले की, सर्वच पाहुण्यांना तो हे सांगत नाही. कित्येकांना द्रौपदीची जागा पाहावयाची असते. ती दाखवली की ते प्रसन्न होतात आणि जाताना हातावर चार पैसे अधिक ठेवतात.

आजींचा चेहरा उतरला. "म्हणजे आमच्या वाईलाही…"

"माताजी, वाईलाही असेच असेल," तो म्हणाला.

हे बोलणे सोपे नव्हते. दिवसाचा मेहनताना अजून हाती पडावयाचा होता. आजी एका खडकाच्या सावलीला जाऊन बसल्या व काही वेळ कोणाशीच बोलल्या नाहीत. लहानपणी ज्या वाटेने शाळेला जात त्या वाटेवरून भीम गेला होता, हे ज्याला साठ वर्षे ठाऊक आहे, त्याच्याकडून ते काढून घेणे म्हणजे काय, हे पुस्तके लिहिणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. गुरुजींनीही समजूत घालण्याची घाई केली नाही. पुढे आजी आपण होऊनच उठल्या आणि तरुणाला म्हणाल्या, "वर काय आहे ते दाखव. तुला जे ठाऊक आहे तेवढेच सांग."

वरच्या सपाटीवर भिक्षूंच्या विहाराच्या खोल्यांचे पाये आहेत. सातव्या शतकात ह्युएन त्संग या भागात आला तेव्हा येथील आठ विहार मोडकळीस आलेले होते, असे त्याने लिहून ठेवले आहे. विहाराच्या खोल्यांत साहनींना एक लहान मडके सापडले. त्यात चांदीची ३६ नाणी होती. २८ ग्रीक राजांची, त्यांत १६ मिनँडरची. मिनँडर म्हणजे ज्याचे नाव आज महाराष्ट्रात कौतुकाने मुलांना ठेवतात तो मिलिंद. उरलेली ८ आपल्या देशची जुनी, ठसे मारलेली. ही आठ नाणी सुती कापडाच्या तुकड्यात बांधलेली होती.

कापडाचा उल्लेख आला आणि तरुणाचा आवाज बदलला. तोपर्यंत तो पदवीधरासारखा बोलत होता, आता छिपा घराण्यातला मुलगा बोलू लागला. इतके दिवस मातीत राहून कापूस टिकतो याचे नवल त्याने वडिलांना कितीदा सांगितले होते, पण त्यांनी मान वर करून पाहिले नव्हते. आजींनी काही न बोलता कमरेची चंची सोडली. आत रुमालाच्या टोकाला सुटे पैसे गाठ मारून ठेवलेले होते. "अशी?" त्यांनी विचारले. "अशीच असेल," तो म्हणाला, आणि लगेच स्वतःला सावरून, "असावी."

सायंकाळी मोटार सांगानेरला परतली तेव्हा कारखान्यातले ठोके थांबले होते आणि धुतलेली कापडे दोऱ्यांवर वाळत होती. गुरुजींनी ठरलेले पैसे दिले. आजींनी एक बुट्टीदार चादर विकत घेतली आणि मोडक्यातोडक्या हिंदीत तरुणाच्या वडिलांना मडक्याची, नाण्यांची, कापडाच्या गाठीची हकिगत सांगितली. म्हातारा आधी चादरीची घडी घालीत ऐकत होता. मग घडी तशीच राहिली. त्याने मुलाकडे पाहून विचारले,

"कापड छापलेले होते की कोरे?"

मुलगा गप्प राहिला. मग म्हणाला, "ते पाहून सांगावे लागेल."