पिवळ्या पोशाखातली ती आणि आपल्या मुली
(पवई येथे महिलांच्या सभेत केलेलं भाषण)



मुलांच्या टीव्हीवरच्या मारामारीच्या मालिकेबद्दल बायकांच्या सभेत काय बोलायचं, असं काहीजणींना वाटेल. पण टेकडीवरच्या वस्तीतलं घर असो की तिथल्या बाया जिथं कामाला जातात ते हिरानंदानीतलं घर असो, मुलांसमोर टीव्ही सारखाच चालू असतो. मुलगी म्हणजे काय आणि मुलगा म्हणजे काय, हे मुलं तिथूनही शिकतात.

‘पॉवर रेंजर्स’ तुमच्यापैकी अनेकींच्या घरात बघितली गेली असेल. ही मालिका अमेरिकेत 1993 मध्ये सुरू झाली, पुढे हिंदीत बोलायला लागली. पाच शाळकरी मुलंमुली रंगीत पोशाख आणि हेल्मेट चढवून रबरी राक्षसांशी लढतात. ठिणग्या उडतात, खेळण्यातल्या इमारती कोसळतात. आपल्याला हसू येतं, पोरं मात्र श्वास रोखून बघतात.

आता गंमत ऐका. यातली लढाईची बरीच दृश्यं अमेरिकेत चित्रित झालेलीच नव्हती. ती 1992 च्या ‘झ्यूरेंजर’ या जपानी मालिकेतून घेतलेली होती. हेल्मेटमुळे चेहरा दिसत नाही, म्हणून ते चालून गेलं. जपानी पाचजणांत मुलगी एकच, गुलाबी पोशाखातली. पिवळा होता मुलगा. अमेरिकेत मात्र पिवळी झाली ट्रिनी नावाची मुलगी. म्हणून गुलाबी पोशाखाला स्कर्ट आहे आणि पिवळ्याला नाही.

म्हणजे बघा, मुलगा म्हणून लढवलेलं पात्र मुलीच्या नावानं दाखवलं, तरी गोष्ट अडली नाही. मुलगी अशी लढू शकते हे छोट्या प्रेक्षकांना समजावून सांगावं लागलं नाही. ते समजावून सांगावं लागतं ते आपल्याला, मोठ्यांना.

बाकी चित्र मात्र ओळखीचंच आहे. जपानमध्ये या परंपरेतली पहिली मालिका 1975 मध्ये आली, तेव्हा पाचांत एक बाई. दुसरीला जागा मिळायला 1984 उजाडलं. लाल रंग बहुधा पुढाऱ्याचा. अमेरिकन मालिकेत तो मुलींच्या अंगावर आला तो थोड्या वेळापुरता. मुलगीच कायमची लाल रेंजर, हे घडलं 2023 मध्ये, ‘कॉस्मिक फ्युरी’त. तीस वर्षं लागली! ट्रिनीचं काम करणाऱ्या थुई ट्रांगनं आणि तिच्या दोन सहकाऱ्यांनी तर 1994 मध्ये मानधनाच्या वादातून मालिकाच सोडली. पडद्यावर जग वाचवणाऱ्यांनाही मोबदल्यासाठी भांडावं लागतं.

आपल्याकडे 1997 मध्ये दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ आला. त्यातली गीता विश्वास वार्ताहर आहे, धीट आहे, प्रश्न विचारते. तेवढं श्रेय दिलंच पाहिजे. पण शक्ती त्याच्याकडे. संकटात सापडणं तिच्याकडे, सोडवणं त्याच्याकडे.

मालिका बंद करा, असं मी म्हणणार नाही. बंदीनं काही साधत नाही आणि मुलींना तर त्यातून बळही मिळतं. प्रश्न पुढचा आहे. त्या पोशाखातली कोलांटी जादूनं येत नाही. आत तालीम केलेलं माणूस असतं. वर्षानुवर्षं पडून, उठून, पुन्हा उडी मारून ते अंग तयार झालेलं असतं. आपल्या मुलीला ही तालीम कधी मिळते? अकरा-बारा वर्षांची झाली की तिचा खेळ सुटतो. पाणी भरायचं, धाकट्याला सांभाळायचं, भांडी घासायची. भाऊ त्याच वेळी मैदानावर असतो. मग काही वर्षांनी आपणच म्हणतो, मुलींच्या अंगात जोर नसतो!

म्हणून तीन गोष्टी सुचवते. मालिका मुलांबरोबर बसून बघा आणि विचारा, ‘वाचवणारी ती का नाही?’ घरकामात मुलाचा वाटा ठरवून द्या, उपकार म्हणून नव्हे. आणि संध्याकाळचा एक तास वस्तीतल्या मैदानावर मुलींसाठी राखा. सुरुवातीला आपण चार-पाचजणी तिथं बसू. पोरं कुरकुर करतील, शेजारी बोलतील, बोलू द्या. कोणकोण कोणत्या वारी बसणार, ती नावं आज उठण्यापूर्वी लिहून घेऊ या.