विमा उतरविणारा आणि विमा मागणारा



आयुष्याच्या विम्याचा व्यवहार मोठा चमत्कारिक आहे. बाजारांत जो माल विकत घेतो, तोच तो घरीं नेतो, वापरतो आणि खोटा निघाला तर दुकानदाराशीं भांडतो. विम्यांत मात्र घेणारा एक आणि मागणारा दुसरा. ज्यानें हप्ते भरले, तो रक्कम मागण्याच्या दिवशीं बोलावयास उरलेला नसतो. आणि जिनें बोलावयाचें, तिला कागद कोठें ठेवला आहे हेंहि पुष्कळदां ठाऊक नसतें. विमेदाराच्या घराला न्याय मिळत नाहीं अशी जी ओरड ऐकूं येते, तिचें एक मूळ माझ्या मतें येथें आहे.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण ह्या पट्ट्यांत हें विशेष जाणवतें. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली. पुढें मोटारींचे व दुचाकींचे कारखाने आले, आणि हळूहळू ही वसाहत चाकणपर्यंत पसरली. मराठवाड्यांतून व विदर्भांतून तरुण येथें कामास येतात. आईबाप गांवीं, बायको भाड्याच्या खोलींत, नोकरी कंत्राटी, आणि कंत्राटदार वर्षा-दोन वर्षांनीं बदलणारा. पगार किती हें घरांत माहीत असतें. पगारपत्रकावर काय लिहिलें आहे तें माहीत नसतें.

अशा माणसाचा एक विमा त्यानें न उतरवितांच उतरलेला असतो. भविष्यनिर्वाह निधीच्या सभासदास १९७६ सालच्या ठेव-संलग्न विमा योजनेचें संरक्षण असतें. त्याचा हप्ता मालक भरतो. कामगाराच्या पगारांतून त्यासाठीं एक पैसाहि कापीत नाहींत. नोकरींत असतांना मृत्यु आला, मग तो यंत्रावर येवो, नाशिक रस्त्यावर येवो वा अंथरुणावर येवो, घरच्यांना रक्कम मिळते; २०२१ सालीं तिची कमाल मर्यादा ७ लाख रुपये ठरविण्यांत आली. ज्याचा निधि कापला जातो तो कंत्राटी कामगारहि ह्यांत येतो. ह्या विम्याविषयीं कोणी एजंट घरीं येऊन सांगत नाहीं, कारण त्यांत कमिशन नाहीं! निधींतील वारसाची नोंद मात्र लग्नानंतर नव्यानें करावी. जुनी नोंद तशीच राहिली म्हणजे सासू आणि सून ह्यांत जो वाद उभा राहतो, त्यांत दोघींचेंहि नुकसान होतें.

आतां विकत घेतलेल्या विम्याकडे वळूं. बँकेंत मुदतठेव ठेवावयास गेलेला गृहस्थ पॉलिसी घेऊन परततो, हें दृश्य आपल्या ओळखीचें आहे. समजा, एका घराचें वार्षिक उत्पन्न तीन लाख आहे आणि बचत व विमा एकत्र असलेल्या पॉलिसीचा हप्ता वर्षाला तीस हजार. अशा पॉलिसींत विम्याची रक्कम बहुधा हप्त्याच्या दसपट, म्हणजे तीन लाख. घरांतला कर्ता गेला तर एक वर्षाचा खर्च! त्याहून पुष्कळ कमी हप्त्यांत निव्वळ मुदतीचा विमा कितीतरी मोठा मिळतो. पण शेवटीं कांहीं परत येत नाहीं म्हणून तो लोकांना बुडीत वाटतो. चुकीची पॉलिसी गळ्यांत पडलीच, तर ती हातीं आल्यापासून ३० दिवसांच्या आंत परत करतां येते. किरकोळ खर्च वजा जाऊन पैसे मिळतात.

खरा घोटाळा प्रस्तावपत्रांत होतो. तें एजंट भरतो. मधुमेह आहे काय, ह्या प्रश्नापुढें ‘नाहीं’ असें तोच लिहितो, आणि सही तेवढी घेणाऱ्याची. पुढें विधवेला पत्र येतें कीं, रोग लपविला होता, सबब रक्कम देतां येत नाहीं. १९३८ च्या विमा कायद्याचें ४५ वें कलम तिला ठाऊक असावयास हवें. २०१५ च्या दुरुस्तीप्रमाणें तीन वर्षें उलटल्यावर आयुर्विम्याच्या पॉलिसीस कोणत्याहि कारणावरून, कपटाच्या सुद्धां, आव्हान देतां येत नाहीं. तीन वर्षांच्या आंत नकार दिल्यास कंपनीनें कारणें आणि त्यांचा आधार लेखी कळविला पाहिजे. एक खांच मात्र ध्यानांत ठेवावी. काम सुटलें, हप्ते थकले, पॉलिसी बंद पडली आणि ती पुन्हां चालू केली, तर हीं तीन वर्षें त्या दिवसापासून नव्यानें मोजतात. कंत्राटी कामगारावर हा प्रसंग कितीदां येत असेल, ह्याची कल्पना करावी.

१९ जानेवारी १९५६ रोजीं अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख ह्यांनीं आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा आकाशवाणीवरूनच केली होती. त्या वेळीं धंद्यांतील गैरव्यवहार हें एक कारण होतें. पुढें २००० सालापासून खाजगी कंपन्या पुन्हां आल्या, आणि दाद मागण्याची सोयहि निराळी झाली. प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरांत उत्तर आलें नाहीं किंवा समाधान झालें नाहीं, तर एका वर्षाच्या आंत विमा लोकपालाकडे जावें. ह्या भागासाठीं त्यांचें कार्यालय पुण्यास नारायण पेठेंत आहे. ५० लाखांपर्यंतची भरपाई देववितां येते, फी नाहीं, आणि वकील लागत नाहीं; किंबहुना वकिलास तेथें उभें राहतांच येत नाहीं. अर्जासोबत पॉलिसीची, कंपनीस लिहिलेल्या पत्राची आणि तिच्या उत्तराची नक्कल जोडावी. आणि ह्या कागदांची जागा घरांत निदान दोघांना माहीत असूं द्यावी.