‘झालंच, पाच मिनिटं!’

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषणाचा मजकूर)

अध्यक्ष, सेक्रेटरी, कमिटीचे सर्व सभासद, वहिनी मंडळी आणि समोर सतरंजीवर बसून माझं भाषण कधी संपतंय याची वाट पाहणाऱ्या बालमित्रांनो,

सेक्रेटरींनी मला सांगितलं, ‘काका, तुम्ही सोसायटीचे पहिले खजिनदार. 25 वर्षांच्या हिशोबावर दहा मिनिटं बोला.’ मी म्हटलं, हिशोब ऑडिटरने तपासलेले आहेत, त्यावर बोलण्यासारखं काही उरलेलं नाही. ज्याचं ऑडिट कधी झालंच नाही अशा एका प्रकरणावर मी बोलतो. जुन्या मंडळींना ते प्रकरण अर्धं माहीत आहे. उरलेलं अर्धं आज सांगतो.

प्रकरण 2003 सालचं आहे. महिना जुलै, वार रविवार. आपल्या बिल्डिंगमध्ये तेव्हा 32 फ्लॅट आणि अवघ्या चार मोटारी. त्यातली एक माझी. सेकंडहँड, पेट्रोलची, चार सिलेंडरची. तिचं नाव सांगत नाही, कारण त्या दिवशी जे झालं त्यात गाडीचा काडीचाही दोष नव्हता.

गाडी ‘मिसिंग’ मारत होती. म्हणजे सिग्नलला उभी राहिली की उचकी लागल्यासारखी हलायची. पुस्तिकेत लिहिलं होतं, स्पार्क प्लग तपासा, गरज वाटल्यास बदला. सोबत चित्रही होतं. चित्रातला माणूस पांढरा शर्ट घालून हसत हसत प्लग काढत होता. मला वाटलं, याला जमतंय तर आपल्याला न जमायला काय झालं? आम्ही बँकेत लाखांचे हिशोब जुळवतो, हे तर चार प्लग! शनिवारी तेव्हा बँक अर्धा दिवस असायची. दुपारी येता येता चार नवे प्लग घेऊन आलो. गॅरेजवाला मिस्त्री कोपऱ्यावरच होता, पण मजुरीचे पन्नास-साठ रुपये वाचवायचे होते. खरं सांगायचं तर पैशांपेक्षा गॅलरीतून चार लोकांनी बघावं, ही इच्छा जास्त होती.

रविवारी सकाळी मंडईतून भाजी आणली आणि लगेच बॉनेट उघडलं. ही पहिली चूक. प्लग काढायचे ते इंजिन पूर्ण गार झाल्यावर. हेड ॲल्युमिनियमचं असतं, ते गरम असताना जोर लावला तर आटे खराब होतात. हे पुस्तिकेत होतं, पण चित्राच्या खाली बारीक अक्षरात. कर्जाच्या फॉर्मवरची बारीक अक्षरं वाचा, असं मी ग्राहकांना 25 वर्षं सांगत होतो.

दुसरी चूक लगेच केली. प्लगवरच्या चारही वायरी एकदम उपसल्या आणि वेणीसारख्या बाजूला टाकल्या. कुठली वायर कुठल्या प्लगची, याची नोंद नाही. व्हाउचर नंबर न टाकता चार व्हाउचरं एकत्र केल्यासारखं झालं.

तीन प्लग निघाले. तोवर पाच-सहा प्रेक्षक जमले होते आणि प्रत्येकाकडे सल्ला होता. चौथा प्लग पार मागे, पत्र्याला चिकटून. तिथे हात पोचेना म्हणून एअर फिल्टरचा डबा काढला. मग पाना लागला, पण प्लग हलेना. कुणीतरी म्हणालं, ‘पान्याला पाइप लावा, जोर वाढेल.’ जोर वाढला. पाना तिरका झाला, कट्टकन आवाज आला आणि प्लगचा पांढरा चिनीमातीचा भाग तुटून माझ्या हातात आला. बोटांची सालटी निघाली ती वेगळीच. लोखंडी भाग आत तसाच, आणि माझ्या पान्याचे कोपरे झिजून तो गोल गोल फिरायला लागलेला.

याच वेळी तिसऱ्या मजल्यावरच्या आजी देवळातून येत होत्या. त्यांची सून तेव्हा दिवसांची होती, दोन-तीन आठवडे बाकी होते. त्यांच्याकडे गाडी नव्हती. मीच चार दिवसांपूर्वी जिन्यात त्यांना सांगितलं होतं, ‘आजी, काळजी करू नका. रात्री-अपरात्री कधीही बेल वाजवा, आपली गाडी आहे.’ आजींनी बॉनेटकडे बघून विचारलं, ‘झालं का, भावजी?’

मी म्हटलं, ‘झालंच, पाच मिनिटं!’

तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते.

नवा पाना हवा होता. नेहमीचं हार्डवेअरचं दुकान रविवारी बंद. पण पुण्यात रविवार म्हणजे जुना बाजार, मंगळवार पेठेत. रिक्षा केली. तिथे जमिनीवर मांडलेल्या लोखंडाच्या ढिगात जगातली सगळी हत्यारं मिळतात, फक्त आपल्याला माप माहीत असावं लागतं. मला माहीत नव्हतं. प्लगला साधारण दोन मापांचे पाने लागतात, एक 21चा, एक 16चा. मी अंदाजाने 16चा आणला. तो माझ्या प्लगवर बसेचना. पुन्हा रिक्षा, पुन्हा जुना बाजार, 21चा पाना. येण्याजाण्याचं भाडं चार वेळा. मजुरीचे पन्नास रुपये वाचवण्याचं काम तिथेच तोट्यात गेलं होतं, पण तोटा वाढत असताना माणूस आणखी कर्ज देत बसतो, हे बँकवाल्यांना मी काय सांगणार!

चार वाजता तुटका प्लग निघाला. टाळ्या झाल्या. आमच्या हिने खिडकीतून हाक मारली, ‘अहो, जेवायला या!’ मी म्हटलं, ‘पाच मिनिटं.’

नवे तीन प्लग बसले. चौथ्याला बोटं पोचेनात म्हणून तो थेट पान्यात धरून फिरवायला लागलो. अर्ध्यावर जड झाला. मला वाटलं, नवा आहे म्हणून जड. आणखी जोर लावला. काढून पाहिलं तर आट्यांमध्ये चंदेरी चुरा. प्लग तिरका शिरला होता आणि हेडचे आटे कापत चालला होता. लोखंडापुढे ॲल्युमिनियमचं काय चालणार?

तेवढ्यात पाऊस आला. अंधार पडला. बॉनेट लावलं, वर प्लास्टिकचा कागद टाकला. एअर फिल्टरचा डबा, वायरी, सगळं मागच्या सीटवर ठेवलं. हातात एक नट आणि एक वायसर उरले. ते कुठले हे कळेना. बँकेत ज्या रकमेचा पत्ता लागत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात. तसे ते दोन्ही मी खिशात टाकले.

जिना चढताना तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा भेटला. होणारा बाप. ‘काका, झाली का गाडी?’

लक्ष देऊन ऐका, कारण माझं सगळं भाषण या एका क्षणासाठी आहे. मला माहीत होतं, गाडी किमान उद्यापर्यंत जागची हलणार नाही. मला हेही माहीत होतं की हा प्रश्न सहज विचारलेला नाही. पण दिवसभर सगळ्या बिल्डिंगसमोर शोभा झालेली, हाताला पट्टी, कपड्यांना ग्रीस. तोंडातून निघालं, ‘झालंच! सकाळी पाच मिनिटांचं काम आहे.’

रात्री अडीचला बेल वाजली.

दार उघडलं. तो मुलगा उभा होता, मागे जिन्यात आजी आणि कठड्याला धरून त्यांची सून. बाहेर मुसळधार पाऊस. ‘काका, गाडी...’ एवढंच म्हणाला.

मी 50 वर्षांचा माणूस, बँकेत माझ्या सहीने लाखाचे चेक पास होत, आणि मला ‘गाडी बंद आहे’ हे तीन शब्द उच्चारता येईनात. शेवटी आमच्या हिनेच सांगितलं. त्या मुलाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो फक्त दोन क्षण माझ्याकडे बघत राहिला. मग वॉचमन छत्री न घेताच रिक्षा शोधायला धावला. बाकीच्या तीन गाड्यांपैकी एक गावाला गेलेली, दुसऱ्या दोघांची दारं आम्ही वाजवेपर्यंत रिक्षा आली. पण त्यात पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात ती मुलगी खालच्या पायरीवर बसून होती, आणि तिच्यापासून पाच पावलांवर माझी गाडी प्लास्टिकचा कागद पांघरून उभी होती. ते दृश्य मी विसरलेलो नाही.

आमची ही त्यांच्याबरोबर रिक्षातून गेली. पहाटे पाचच्या सुमारास मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी तेव्हा पार्किंगमध्येच बसलो होतो.

तीन-चार दिवसांनी पेढे घेऊन आजी आल्या. मी माफी मागायला लागलो, तर म्हणाल्या, ‘अहो भावजी, गाड्या बंद पडायच्याच. पण तुम्ही संध्याकाळी सांगितलं असतं ना, तर आम्ही दुसऱ्या कुणाला सांगून ठेवलं असतं.’ आवाज अजिबात चढवला नाही. पेढा मात्र मला गिळवेना.

आता गाडीचं पुढे काय झालं ते सांगतो. सोमवारी मिस्त्री आला. कुणी हात लावला, का लावला, काही विचारलं नाही. आटे पाडायच्या टॅपला ग्रीस फासलं, म्हणजे चुरा ग्रीसला चिकटून बाहेर येतो, आत सिलेंडरमध्ये पडत नाही. तो टॅप हलक्या हाताने फिरवून आटे साफ केले. माझं नशीब, आटे पूर्ण गेले नव्हते. मग खिशातून रबरी नळीचा वीतभर तुकडा काढला, प्लगच्या मागच्या टोकावर बसवला आणि नळीनेच प्लग फिरवत आत सोडला. म्हणाला, ‘साहेब, प्लग आधी हातानेच बसवायचा. हात पोचत नसेल तर नळी. तिरका गेला तर नळी घसरते, आटे मोडत नाहीत. हाताने जात नसेल तर तो काहीतरी सांगतोय, त्याचं ऐकायचं. पाना सगळ्यात शेवटी.’

वायरींसाठी त्याने एक नंबरच्या प्लगचं भोक अंगठ्याने दाबून इंजिन हाताने फिरवलं, दाब कुठे येतो ते पाहिलं आणि तिथून एक, तीन, चार, दोन या क्रमाने वायरी लावल्या. चावी फिरवली. गाडी सुरू. चाळीस मिनिटं. निघताना मी खिशातला नट आणि वायसर दाखवला. त्याने डब्याखाली हात घातला आणि दोन्ही जागेवर बसवले. सस्पेन्स खातं निरंक!

मी त्यावर पुष्कळ विचार केला. बँकेत आम्ही व्हाउचर एकाने करायचं आणि दुसऱ्याने पास करायचं. तिजोरीला दोन किल्ल्या, दोघांकडे. माणसं चोर असतात म्हणून नव्हे, एकट्या माणसाला स्वतःची चूक दिसत नाही म्हणून. त्या रविवारी काम करणाराही मीच, पास करणाराही मीच. विचारणारे दोघे आले होते, दोघांनाही मी ‘झालंच’ सांगून परत पाठवलं. घरी गाडीला हात लावू नका, असं मी म्हणत नाही. वायपरचं रबर बदला, हवा तपासा, बॅटरीचे टर्मिनल साफ करा, आधी निगेटिव्ह काढा म्हणजे झालं. प्लग बिघडला तर आटे पाडता येतात. ‘झालंच’ या शब्दावर विसंबून कुणी निर्धास्त झोपलं, तर त्याला कुठला टॅप?

खाली लिफ्टशेजारचा छोटा काळा फळा तुम्ही रोज बघता. तो कसा आला हे नव्या मंडळींना ठाऊक नसेल. त्या आठवड्यात मी तो स्वतःच्या पैशाने आणून लावला आणि वर लिहिलं, ‘आज माझी गाडी बंद आहे.’ लोक हसले. पण पुढच्या महिन्यात दुसऱ्या गाडीवाल्यानेही तसं लिहिलं. मग ‘पंप दुरुस्त झालेला नाही, टाकी भरून ठेवा’ हेही त्याच फळ्यावर यायला लागलं. आता व्हॉट्सॲप ग्रुप आहे, 60 गाड्या आहेत, फोनवर टॅक्सी येते. तरी फळा काढू नका, एवढी माझी कमिटीला विनंती.

त्या पहाटे जन्मलेली मुलगी आता 22 वर्षांची आहे आणि त्या तिसऱ्या रांगेत बसून हसते आहे. गेल्या महिन्यात ती खाली स्कूटरचा प्लग काढत बसली होती. मी जवळ गेलो आणि सवयीने विचारलं, ‘झालं का गं?’ ती म्हणाली, ‘नाही झालं, आजोबा. अडकलाय. जरा येता का?’ मी गेलो. जाताना नळीचा तुकडा घेऊन गेलो.

मघाशी मी आचाऱ्यांना विचारलं, जेवण तयार आहे का? ते म्हणाले, ‘झालंच, पाच मिनिटं!’ म्हणून तर मी एवढं निवांत बोललो. आता मात्र कुणीतरी आत जाऊन स्वतः बघून यावं, ही विनंती करतो आणि थांबतो.